शिअरचा नवा आकडा

"साहेब, ह्या तुळया आठ इंचीच हायेत जी," लहानूजी म्हणाला. "आपन तं बारा इंची मांगितल्या होत्या."

लाकडाच्या डेपोच्या आवारात ऐनाच्या चार तुळया दगडांवर टेकवून ठेवल्या होत्या. त्यांच्या टोकाशी उकिडवा बसून लहानूजी बोरीकर टेप लावत होता. एप्रिलचं चंद्रपूरचं ऊन. माझी मान भाजत होती आणि जीपवाला हॉर्न वाजवत होता.

"बारा इंची संपल्या म्हणे," मी म्हणालो. "पुन्हा मागणी टाकायची तर दोन वर्षं वाट बघावी लागेल. टोकं बघ. चिरा आहेत का?"

त्यानं चारही तुळयांची आठही टोकं पाहिली. एकेका टोकावर हात फिरवला, हातोडीनं ठोकून आवाज ऐकला. घाई हा शब्द त्या माणसाच्या कोशात नव्हताच. शेवटी उठून म्हणाला, "चिरा नाहीत. लाकूड सोन्यासारखं हाय. पन आंगानं बारीक हाय जी, आपल्या कामाले नाही पुरनार."

"पुरेल. नवा आकडा आलाय."

"कायचा आकडा?"

"शिअरचा. लाकूड किती ताण सोसतं त्याचा. पूर्वी सात धरायचो, आता साडेतेरा धरायला सांगितलंय."

लहानूजी तुळईकडे बघत राहिला. मग म्हणाला, "झाड तं थेच हाय न साहेब. त्याची ताकद कशी वाढली?"

"ताकद वाढली नाही रे, आपल्याला ती आत्ता कळली," मी म्हणालो, आणि माझ्याच वाक्यावर खूश होऊन जीपमध्ये जाऊन बसलो.

मी तेव्हा एका सरकारी बांधकाम कार्यालयात उपअभियंता होतो. गोदामांची छपरं असोत की खेड्यातले पूल, लाकडाचं जे काही असेल ते माझ्या टेबलावर यायचं, कारण बाकीच्यांना ते गणित म्हणजे डोक्याला ताप वाटायचा. मला येत होतं, आणि येतं याचा माजही होता. लहानूजी आमचा रोजंदारीवरचा मिस्त्री. तीस वर्षं कार्यालयासाठी लाकूड निवडत आला होता. त्यानं 'घ्या' म्हटलं की आम्ही घ्यायचो.

हा पूल त्याच्याच गावचा होता. बेलटोला. गावाच्या अंगाला नाला, आणि दवाखाना, धानाची गिरणी, हायस्कूल सगळं पलीकडे. नाल्यातून बंडी, म्हणजे आमच्याकडची बैलगाडी, उतरत नसे. धान भरलेल्या बंड्या अकरा मैलांचा वळसा घालून जायच्या. गावानं पंधरा वर्षं अर्ज केले होते आणि त्यातले निम्मे लहानूजीनंच माझ्या हातात दिले होते. तेव्हा पूल व्हावा असं मला मनापासून वाटत होतं, हे मी आजही सांगेन. त्यानं माझा गुन्हा हलका होत नाही, पण खरं ते खरं.

शिअर म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तुळईवर भार आला की ती वाकते, हे कुणालाही दिसतं. पण त्याच वेळी तिचे आतले थर एकमेकांवरून सरकू पाहतात. पोळ्यांची चळत दोन्ही बाजूंनी धरून वाकवली तर पोळ्या एकमेकींवरून घसरतात, तसं. लाकडाचे धागे लांबीत असतात, म्हणून हे सरकणं त्याला फार सोसत नाही. तुळई आखूड आणि भार जड असला की टोकाजवळ ती आडवी फाटते. टोकाला आधीच वाळून चीर पडलेली असेल तर विचारायलाच नको.

म्हणूनच आमच्या नियमांच्या पुस्तकातल्या जुन्या तक्त्यात शिअरचा आकडा मुद्दाम निम्मा करून छापलेला होता. टोक फुटणारच असं धरून चाला, असा त्याचा अर्थ. खाली एक तळटीप होती: टोकं अखंड असल्याची खात्री असेल तर आकड्याची दुप्पट करावी. लहानूजीनं 'चिरा नाहीत' म्हटलं की मी दुप्पट करायचो. अकरा वर्षं माझा हात तेच करत आला होता.

त्या वर्षी पुस्तकातल्या दुरुस्त्यांचं परिपत्रक आलं. अशी परिपत्रकं आली की आम्ही काय करायचो, तर सोबतच्या छापील चिठ्ठ्या कापून पुस्तकात जुन्या मजकुरावर खळीनं चिकटवायचो. नवं पुस्तक मिळायला वर्षं जायची. शिअरच्या तक्त्यावरची चिठ्ठी मीच चिकटवली. साताच्या जागी साडेतेरा आले.

आठ इंची तुळयांवर बंडीचा भार टाकला तर शिअरचा ताण वीस येत होता. मी पुस्तक उघडलं, साडेतेरा घेतले, लहानूजीनं पाहिलेली टोकं आठवली, दुप्पट केली. सत्तावीस. विसाला सत्तावीस म्हणजे चांगलंच पास. खाली सही केली आणि चहा मागवला.

मे महिन्यात पूल झाला. लहानूजीनं स्वतः उभं राहून तुळया बसवल्या, वर फळ्या ठोकल्या. नारळ फोडायला त्याची बायको वच्छलाबाई आली होती. ठेंगणी, बोलकी बाई. तुळईला हळदकुंकू लावता लावता मला म्हणाली, "साहेब, यायच्या रोजच्या बोलन्यात तुमचंच नाव असते. मुनघाटे साहेबाचं गनित म्हंजे गनित, म्हनते."

"आणि मी म्हणतो, लहानूजीचं लाकूड म्हणजे लाकूड," मी म्हणालो.

सगळे हसले. त्यांचा मुलगा भास्कर तेव्हा बावीस-तेवीसचा असेल. त्यानं पहिली बंडी पुलावरून नेली.

पूल दोन पावसाळे टिकला. दुसऱ्या वर्षीच्या मार्गशीर्षात, धान घरी येण्याच्या दिवसांत, दुपारी बाराच्या सुमारास कार्यालयात फोन आला. बेलटोल्याचा पूल बसला. एक बाई गेली.

मी पोचलो तेव्हा दोन वाजले होते. एका अंगाला फळ्या खचून खाली लोंबत होत्या. बंडी नाल्यात उलटी, धानाची पोती फुटून पाण्यात पडलेली. गर्दी होती, पण आवाज नव्हता. लहानूजी खाली नाल्यात, मोडलेल्या तुळईपाशी बसला होता. तुळई वाकून मोडली नव्हती. टोकापासून पाच हात आत, उंचीच्या बरोबर मधोमध, आडवी फाटत गेली होती. त्या फटीत त्यानं चारी बोटं घातली होती.

मी विचारलं, "कोण गेलं?"

मागून सरपंच म्हणाले, "यायचीच मालकीन जी. गवताचा भारा घेऊन बंडीच्या बाजूनं चालत होती. अंगावर पोती पडली. दवाखान्यात नेता नेता गेली."

भास्कर वर काठावर उभा होता. त्यानं खाली वाकून बापाला विचारलं. ओरडून नाही, अगदी साध्या आवाजात.

"बाबा, हे लाकूड तूच निवडलं होतं न?"

"होय," लहानूजी म्हणाला. "म्याच."

चौकशीला नागपूरहून तिघे आले. मोडलेलं टोक पाहिलं. दोन उन्हाळ्यांत वाळून त्याला चीर गेली होती, तशी कुठल्याही लाकडाला जातेच. त्यांनी टिपून घेतलं: लाकडातील नैसर्गिक दोष, स्थानिक मिस्त्रीनं केलेली निवड सदोष. माझा जबाब टाइप होऊन सहीला आला. जबाबाला हिशेबाचं पान जोडायचं होतं, म्हणून मी पुस्तक काढलं.

तक्त्यावर माझी चिठ्ठी नीट बसली होती. तिच्या खाली मात्र जुनी तळटीप तशीच छापलेली दिसत होती: आकड्याची दुप्पट करावी. मी परिपत्रक शोधून काढलं. त्यात दोन चिठ्ठ्या होत्या. पहिली तक्त्याची. दुसरी बोटभर लांबीची, एका ओळीची: तळटीप क्रमांक तीन वगळण्यात येत आहे. ती दुसरी चिठ्ठी पुस्तकाच्या मागच्या कव्हरात सापडली. कापलेली होती, चिकटवायची राहिली होती. त्या दिवशी खळ संपली असेल, की कुणी हाक मारली असेल, मला आजतागायत आठवलेलं नाही.

नवा आकडा अखंड टोकं धरूनच दिलेला होता. दुप्पट त्यातच झालेली होती. सातचे साडेतेरा होतात म्हणजे काय होतं, हे शाळेतल्या पोराला कळलं असतं. मी दुपटीची दुप्पट केली होती. तुळईला सोसवत होतं साडेतेरा, आणि मी तिच्यावर वीस टाकले होते.

मी पुस्तक घेऊन कार्यकारी अभियंता चिंचाळकर साहेबांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून दोन्ही चिठ्ठ्या पाहिल्या.

"हे आणखी कुणी पाहिलंय?"

"नाही."

"मग कशाला उकरून काढतोस? तू तुरुंगात जाशील, मी घरी जाईन, आणि ती बाई परत येणार आहे का?"

"पण लहानूजीच्या नावावर—"

"लहानूजीला कोण तुरुंगात टाकतंय? रोजंदारीचा माणूस. लाकडात दोष होता, संपलं. दोषाला शिक्षा नसते." त्यांनी पुस्तक बंद करून माझ्याकडे सरकवलं. "तुझी मुलगी यंदा बारावीला आहे ना?"

मी सही केली. त्यांनी हात धरून करवून घेतली असं म्हणायला मला आवडलं असतं. पेन माझंच होतं.

सही केल्यावर वाटलं होतं, आता विसरता येईल. विसरता येईना. जेवताना मला ती फट दिसायची, आणि फटीतली बोटं. कार्यालयात कळलं की लहानूजीनं काम सोडलं. गावातही त्याला कुणी दाराची चौकट बनवायला बोलवत नाही म्हणे. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी स्कूटर काढली आणि बेलटोल्याला गेलो.

तो अंगणात बसून होता. पोरक्या माणसासारखा दिसत होता. दाढी वाढलेली, समोर काहीच काम नाही. मला पाहून उठला, आत जाऊन पाणी घेऊन आला.

"भास्कर कुठंय?" मी विचारलं.

"थो तिकडच्या खोलीत राह्यते. येगळी चूल मांडली." मग थोड्या वेळानं म्हणाला, "बोलत नाही माह्याशी. त्याच्या मायले म्या मारलं म्हनते. बराबरच हाय त्याचं. लाकूड तं म्याच पास केलं होतं. सारी रात इचार करतो साहेब, कोन्त्या टोकाले चीर होती आन् मले कशी नाही दिसली. आठही टोकं डोयापुढं येतात. चीर काई सापडत नाही."

मी सांगून टाकलं. चिठ्ठी, तळटीप, दुप्पट, सगळं. त्याला आकडे कळतील असं सांगितलं. सांगताना मी त्याच्याकडे बघू शकत नव्हतो, अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत होतो.

माझं सांगून संपलं. मला वाटलं, आता हा उठून माझी गचांडी धरेल. धरली असती तर बरं वाटलं असतं.

"म्हंजे लाकूड चांगलं होतं," तो म्हणाला.

"लाकूड चांगलं होतं."

"चीर नव्हती."

"तू पाहिलीस तेव्हा नव्हती. नंतर पडली, ती पडतेच. त्यासाठीच तर तुळई जाड घ्यायची असते. तू तर सांगितलं होतंस मला, पुरणार नाही म्हणून."

तो रडायला लागला. तोंडावर पंचा धरून, मोठ्यानं. मी कुणाचं असं रडणं त्याआधी पाहिलं नव्हतं. बायको गेली त्या दिवशीही तो असा रडला नव्हता. रडता रडता माझ्यावर ओरडला, "माही बायको गेली न साहेब! तुमच्या एका चिटोऱ्यापायी गेली!" मी मान खाली घातली.

शांत झाल्यावर त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "मले काई नाही पायजे. सरकारले सांगू नका, पोलिसाले सांगू नका. तुमचेही लेकरंबाळं हायेत. फक्त माह्या गावातल्या चार मानसापुढं सांगा. भास्कर्‍यापुढं सांगा. लाकूड चांगलं होतं, एवढंच. आत्ता थो धान घेऊन गिरनीवर गेला हाय, नाही तं आत्ताच बलावलं असतं."

"सांगेन," मी म्हणालो.

"सव्वीस जानेवारीले ग्रामसभा राह्यते. सारे जमा होतात. त्या दिवशी येसान?"

"येईन."

"पक्कं?"

"लहानूजी, मी शब्द देतो."

मला निरोप द्यायला तो रस्त्यापर्यंत आला. चालही बदललेली होती त्याची. परत येताना मला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं.

सव्वीस तारखेला सकाळी मी पांढरा शर्ट घालून निघालो. कार्यालयात झेंडावंदन झालं. साडेआठला संपलं. ग्रामसभा अकराला, आणि स्कूटरनं दीड तासाचा रस्ता. पोरांना जिलबी वाटली, मीही खाल्ली. चिंचाळकर साहेब कुणाशी तरी हसत बोलत होते, त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. नऊ वाजले. मी स्कूटरपाशी गेलो. मग वाटलं, चार माणसांपुढे सांगितलेलं चारांतच राहतं का? सरपंच तालुक्याला बोलेल, तालुका जिल्ह्याला. मी स्कूटरच्या सीटवर बसलो. साडेनऊ झाले, दहा झाले. आवारातली माणसं एकेक करून घरी गेली. वॉचमननं विचारलं, "साहेब, स्कूटर चालू होत नाही का?"

"होते," मी म्हणालो, आणि घरी गेलो.

पुढे माझी बदली अमरावतीला झाली. मुलगी डॉक्टर झाली. दोन बढत्या मिळाल्या. लाकडाची कामं बंदच होत गेली, सगळीकडे सिमेंट आलं. सोळा वर्षांनी मी निवृत्त झालो, आणि तेव्हा कुठे माझं भय संपलं. भय संपलं तेव्हा कळलं की ते काही फार मोठं नव्हतं.

बेलटोल्याला जाऊन पोचलो तर नाल्यावर सिमेंटचा पूल होता. लहानूजीच्या अंगणात एक चाळिशीचा माणूस पंपाची मोटर खोलून बसला होता. चेहरा बापाचा होता.

"लहानूजी बोरीकर आहेत का?" मी विचारलं.

"बाबा जाऊन बारा वर्सं झाली जी. आपन?"

मी नाव सांगितलं. तो हातातला पाना तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं खाट सरकवली. मी बसलो, आणि त्याला सगळं सांगितलं. त्याच्या बापाला सांगितलं होतं तसंच, आणि या वेळी त्याच्या डोळ्यांत बघून. लाकूड चांगलं होतं. चूक माझी होती. तुझ्या बापानं मला बजावलं होतं.

त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हळूहळू बोलायला लागला, पान्याकडे बघत.

"तुमी येऊन गेले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाबानं अवजारं काढली. महिना-दीड महिना हात नव्हता लावला. सागाची खुर्ची बनवली. हात ठेवाले पट्ट्या, पाठीवर नक्सी. मी ऐकत होतो इकडून, दिवसभर रंधा चालू. सभेच्या दिवशी थे खुर्ची डोक्यावर घेऊन पंचायतीत गेला. सारे खाली सतरंजीवर बसून, आन् मधात खुर्ची. म्हने, साहेब येनार हाय. म्हने, लाकूड चांगलं होतं, साहेब सोताच्या तोंडानं सांगनार हाय."

माझी नजर खाटेच्या दोऱ्यांवर होती.

"अकरा वाजले, बारा वाजले. सभा उठली. लोकं हासले जी. सरपंच म्हनला, लहानूजी, दुःखानं मानसाले भास होतात. बाबा त्याले म्हनला, साहेबाले काम निघालं असन. आन् खुर्ची डोक्यावर घेऊन वापस आला." तो थांबला. "मले वाटलं, सोताचा गुना झाकाले खोटं बोलून राह्यला. मायच्या नावानं खोटं बोलते म्हून मले आनखीच राग आला. त्याच्या फुडच्या सव्वीस जानेवारीलेही थो खुर्ची घेऊन गेला. त्याच्या फुडच्याही. चार वर्सं. दरसाल हेच म्हने, साहेबाले काम निघालं असन."

"तू बोललास का रे नंतर त्याच्याशी?"

"नाही. मेला तवाच पाणी पाजलं तोंडात."

आतून त्याच्या बायकोनं चहा आणून ठेवला. कुणी घेतला नाही. भास्करनं पाना खाली ठेवला, तेलकट हात धोतराच्या फडक्याला पुसले आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"काम निघालं होतं का जी त्या दिवशी?"

"नाही," मी म्हणालो. "काहीच काम नव्हतं."